चौरस फुटाने चित्र विकणाऱ्या सजावटकारास

सजावटकार महोदय,

पत्राची सुरुवात सा. न. वि. वि. लिहून करायची आपल्याकडे रीत आहे. तुम्हाला विनंती करण्याची माझी तयारी नाही आणि नमस्कार करावा असं तुमच्या हातून काही झालेलं नाही, म्हणून ती रीत मी इथं मोडते आहे.

तुमचं नाव मी घातलेलं नाही. तुमच्यासारखे ठाण्यात आहेत, बाणेरला आहेत, नाशिकच्या कॉलेज रोडला आहेत, पर्वरीत आहेत. ज्यांनी ज्यांनी हा उद्योग केला आहे, त्या प्रत्येकानं हे पत्र आपल्याच नावे आलं आहे असं समजावं.

माझ्या भाचीनं आणि तिच्या नवऱ्यानं घोडबंदर रोडला घर घेतलं आणि ते सजवायला तुमच्या ताब्यात दिलं. तुमचं कोटेशन मी शब्दन् शब्द वाचलं. प्लायवुड कुठल्या प्रतीचं, लॅमिनेट किती मिलिमीटरचं, बिजागऱ्या कुठल्या कंपनीच्या आणि त्या आवाज न करता मिटणाऱ्या आहेत की नाहीत, सगळं नीट लिहिलेलं. फॉल्स सीलिंगच्या खोबणीत बसणाऱ्या दिव्यांच्या पट्टीचाही मीटरवर हिशेब. आणि सगळ्यात शेवटी, पडद्यांच्या रॉडच्या खाली, एक ओळ: ‘सोफा-बॅक वॉल आर्ट, ५ फूट बाय ३ फूट, बेज-गोल्ड थीम, १ नग.’ बिजागरी कोणी बनवली हे तुम्हाला ठाऊक होतं. चित्र कोणी काढलं हे लिहायला तुमच्या तक्त्यात रकानाच नव्हता.

भाचीनं विचारलं, चित्र कुठलं लावणार? तुम्ही सांगितलंत, ‘आर्ट शेवटी ठरवू, आधी सोफ्याचं कापड फायनल होऊ द्या.’ तुमचा सगळा गुन्हा या एका वाक्यात आहे. माणसं पुढची वीस वर्षं ज्या भिंतीकडे बघत चहा पिणार, पोरं वाढवणार, भांडणार, त्या भिंतीवर काय असावं हे एका कापडाच्या ताग्यावर ठरावं, असं तुम्ही एका सुशिक्षित जोडप्याला पटवून दिलंत. त्यांना ते पटलं, कारण या विषयात तुम्हाला कळतं अशी त्यांची समजूत होती. तुम्हाला कळत नाही. ते तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत.

मग ते पाच बाय तीन भिंतीवर आलं आणि मी ते ओळखलं. पावसाळ्याआधी कौलांवर निळं प्लास्टिक टाकतात, त्याच्या कडांवर विटा आणि जुने टायर ठेवतात. वरून पाहिलं की गाव निळ्या चौकोनांचं होतं. कोल्हापूरकडच्या एका तरुण चित्रकारानं या विषयावर चित्रांची मालिका केली आहे. त्याचं प्रदर्शन मी पाहिलं होतं, त्याच्याशी बोलले होते. त्यातलंच एक चित्र तुम्ही कुठून तरी उचललंत, संगणकावर घेतलंत आणि कॅनव्हासवर छापून आणलंत. छापण्याआधी त्यातला निळा काढून टाकलात आणि तिथं बेज भरलात, कारण सोफा बेज होता. आठ-दहा गावं हिंडून, पावसाच्या तोंडावर छपरांवर चढून त्या मुलानं जो रंग शोधला, तो तुम्ही माउसच्या एका टिचकीनं पुसलात. खालच्या कोपऱ्यातली सही तेवढी बरोबर कापली गेली होती. तिथं तुमची नजर शाबूत होती.

तुम्ही म्हणाल, हल्ली सगळेच करतात. सगळे करतात म्हणून कायदा बदलत नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की चित्र विकलं गेलं तरी त्याची नक्कल करण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. त्यानं तो लेखी दिला तरच दुसऱ्याचा होतो. हा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. नक्कल छापून केली काय आणि ‘आमचा माणूस हातानं काढून देईल’ म्हणून एखाद्या गरजू पेंटरकडून करवून घेतली काय, दोन्ही नक्कलच. शिवाय त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार आपल्या कामाची मोडतोड झाली, त्यानं आपली प्रतिष्ठा दुखावली, तर कलाकाराला दाद मागता येते. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं. सेहगल केंद्र सरकारच्या विरोधात उभे राहिले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्पाचे उरलेले अवशेष त्यांना परत करायला लावले आणि वर पाच लाख रुपये भरपाई दिली. सरकारला जे चुकवता आलं नाही, ते तुम्हाला चुकवता येईल असं समजू नका.

आता तुमच्या बचावाकडे येते. तो मी तुमच्याच तोंडून ऐकला आहे: ‘खरी चित्रं श्रीमंतांसाठी असतात, मध्यमवर्गाला परवडत नाहीत, आणि लोकांना त्यातलं कळत नाही.’ या तिन्ही गोष्टी खोट्या आहेत. तुम्ही त्या पुन्हा पुन्हा सांगता म्हणून मला त्यांचं उत्तर सविस्तर द्यावं लागतंय.

मुंबईत आधुनिक चित्रकला उभी राहिली ती महाराजांच्या पैशावर नाही. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, तेव्हा त्यांची चित्रं विकत घेणारं फारसं कोणी नव्हतं. कृष्णाजी हौळाजी आरा लोकांच्या घरी नोकर म्हणून राबलेला, गाड्या धुतलेला माणूस. हुसेन सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेले. त्यांच्यामागे सुरुवातीला उभी राहिली ती युरोपातून हिटलरच्या भीतीनं पळून आलेली तीन माणसं: वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर. लँगहॅमर वर्तमानपत्राच्या कचेरीत कलाविभाग सांभाळायचे, लायडन चित्रांवर लिहायचे, श्लेसिंगरांचा औषधांचा व्यवसाय होता. देश सुटलेल्या या लोकांनी, नव्या देशातल्या अनोळखी तरुणांची चित्रं आपल्या घरांत लावली. कुठला सोफा होता आणि त्याचं कापड काय होतं, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

आणि केकू गांधी. त्यांचा धंदा तुमच्या धंद्याच्या अगदी शेजारचा. १९४१ साली त्यांनी चौकटी, म्हणजे फ्रेमा, बनवण्याचा कारखाना काढला. नाव केमोल्ड. प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानात फ्रेमा विकायच्या तर काचेमागे काहीतरी लावायला हवं. त्यांनी तिथं या पोरांची चित्रं लावायला सुरुवात केली. फ्रेम विकणाऱ्या माणसानं फ्रेमच्या आतल्या गोष्टीकडे पाहिलं आणि त्याचं आयुष्य बदललं. पुढे १९६३ मध्ये त्यांनी जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड काढली आणि भारतातल्या समकालीन चित्रकलेची कितीतरी मोठी नावं तिथून पुढे आली. तुमच्या हातातही रोज फ्रेमा असतात. त्यांच्या आत तुम्ही एकदाही पाहिलेलं नाही.

होमी भाभांचं उदाहरण तुम्हाला आणखी जवळचं वाटायला हवं, कारण त्यांच्यापुढेही नवी इमारत आणि रिकाम्या भिंती होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी ते स्वतः प्रदर्शनांना जात, चित्रं निवडत, संस्थेच्या पैशानं विकत घेत. अणुशास्त्रज्ञांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर त्यांनी त्या काळातल्या जिवंत, तरुण चित्रकारांचं काम लावलं. स्वतः उत्तम रेखाटनं करणारा माणूस होता तो. भिंतीला शोभा हवी म्हणून नव्हे, तर विचार करणाऱ्या माणसांच्या डोळ्यांपुढे विचार करणारी चित्रं हवीत म्हणून त्यांनी हे केलं.

जहांगीर निकल्सन हे मुंबईचे एक हिशेबनीस आणि कापसाचे व्यापारी. वयाच्या पन्नाशीनंतर, १९६८ मध्ये, त्यांनी पहिलं चित्र विकत घेतलं. त्याआधी त्यांचा आणि चित्रांचा काही संबंध नव्हता. कामावरून फुरसत मिळाली की काळा घोड्याच्या गॅलऱ्यांत फेरी मारायची, असा क्रम त्यांनी सुरू केला. पाहत पाहत नजर तयार झाली. त्यांनी जमवलेल्या सुमारे आठशे कलाकृती आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एका स्वतंत्र दालनाच्या मार्फत लोकांना पाहायला मिळतात. पन्नाशी उलटलेला हिशेबनीस शिकू शकतो, तर आयटीत काम करणारी माझी तिशीतली भाची शिकू शकत नाही असं तुम्ही कशाच्या जोरावर ठरवलंत?

‘लोकांना कळत नाही’ हे वाक्य तर मला सर्वांत जास्त लागतं. मराठी मध्यमवर्गाइतका चित्रांशी सलगी असलेला मध्यमवर्ग दुसरीकडे शोधावा लागेल. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा दिलेली माणसं इथं प्रत्येक इमारतीत आहेत. स्थिरचित्रात पितळी तांब्यावरची चमक कुठं येते यावर शाळेत मारामाऱ्या केलेली पिढी आहे ही. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ अंक सुरू केला, त्याच्या मुखपृष्ठांवरून घराघरांत वाद होत. रघुवीर मुळगावकरांची कॅलेंडरं वर्ष संपलं तरी उतरत नसत. त्याच्याही आधी रविवर्म्यानं १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला आणि मग तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. त्याच्या लक्ष्मी-सरस्वतीनं देशभरातल्या भिंती व्यापल्या. तेव्हा छापील चित्राला माझा आक्षेप आहे असं समजू नका. त्या छापील चित्रावर रविवर्म्याचं नाव होतं. दलालांच्या मुखपृष्ठावर ‘दलाल’ अशी सही होती आणि ती पोरासोरांना ओळखता यायची. तुम्ही आणलेल्या कॅनव्हासवर कोणाचं नाव आहे?

छपाईचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण परवडण्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच आहे. एचिंग, वुडकट, लिथोग्राफ, सेरिग्राफ या हातछपाईच्या कला आहेत. एचिंगमध्ये चित्रकार जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर सुईनं रेषा ओढतो, पत्रा आम्लात बुडवतो, शाई भरतो, पुसतो आणि दाबयंत्रातून ओल्या कागदावर एकेक ठसा काढतो. प्रत्येक ठशाखाली पेन्सिलीनं क्रमांक लिहितो. ७/२५ लिहिलेलं असेल तर पंचविसातला सातवा. त्याच्या शेजारी सही. असा प्रत्येक ठसा मूळ कलाकृती असतो आणि एकाच्या जागी पंचवीस घरांत जाऊ शकतो म्हणून त्याची किंमत त्याच चित्रकाराच्या कॅनव्हासच्या मानानं बरीच उतरते. भाचीच्या बजेटमध्ये अशी तीन-चार बसली असती. तुम्ही तिला ‘लिमिटेड एडिशन’ म्हणून जे दाखवलंत, ते मोठ्या इंकजेट यंत्रावर हवं तेवढं निघणारं कापड होतं. त्याला क्रमांक नव्हता, सही नव्हती, पत्र्यावर कोणाचा हात फिरला नव्हता. दर मात्र तुम्ही चौरस फुटानं लावलात आणि त्यावर तुमचं कमिशनही.

चित्र सापडतं कसं, हे तुम्ही तुमच्या गिऱ्हाइकांना कधी सांगत नाही, कारण त्यासाठी तुमची गरज लागत नाही. काळा घोड्याला जहांगीर कलादालन १९५२ पासून उभं आहे. आत जायला पैसे पडत नाहीत. प्रदर्शनं मंगळवारी लागतात, सोमवारी उतरतात. त्या एका आठवड्यासाठी चित्रकार वर्षानुवर्षं थांबलेला असतो. साताऱ्याहून, लातूरहून, सावंतवाडीहून टेम्पो करून कामं आणतो, स्वतः खिळे ठोकतो, स्वतः दिवे फिरवतो आणि मग दिवसभर एका खुर्चीत बसून राहतो. लोक येतात, एक चक्कर मारतात, वहीत ‘छान’ लिहितात आणि जातात. त्याच्याजवळ जाऊन हे असं का काढलंत विचारलं तर तो तासभर बोलतो. त्या तासात माणसाला जे मिळतं, ते तुमच्या थ्री-डी व्ह्यूमध्ये नाही. तिथंच बाहेर फुटपाथवरही चित्रकार बसतात. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, म्हणजे १८५७ पासून मुंबईत असलेल्या त्या शाळेत, विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन लागतं. वीस-बावीस वर्षांच्या मुलांची कामं काही हजारांत मिळतात आणि त्यातल्या काहींच्या पुढच्या वीस वर्षांचा आपण पहिल्या दिवसापासून साक्षीदार होऊ शकतो. पुण्यात घोले रोडला राजा रविवर्मा कलादालन आहे. पणजीत आल्तिनोवर सुनापरांत हे कलाकेंद्र आहे. कोल्हापुरात तर आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटरांपासून चित्रकारांची अख्खी परंपरा आहे आणि बहुतेकांच्या स्टुडिओचं दार ठोठावलं की उघडतं.

आणि पैसे एकरकमी नसतील तर? बरेच तरुण चित्रकार हप्त्यानं घेतात. मॉड्युलर किचन हप्त्यानं, टीव्ही हप्त्यानं. चित्राच्या वेळी मात्र ही सोय तुम्हाला आठवत नाही.

तुमच्या गिऱ्हाइकांपैकी निम्मी ठाण्यात राहतात म्हणून एक खास गोष्ट. सुधीर पटवर्धन यांचं नाव तुम्ही ऐकलेलं नाही, हे मला भाचीशी झालेल्या तुमच्या बोलण्यातून कळलं. ठाण्यात वर्षानुवर्षं क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवत त्यांनी चित्रं काढली. त्यांच्या चित्रांत ठाणं आहे, उल्हासनगर आहे, लोअर परळ आहे, उड्डाणपूल आहेत, लोकलमधून उतरणारी माणसं आहेत, डोंगर कापून उठलेल्या इमारती आहेत. ज्या इमारतीत तुम्ही फॉल्स सीलिंग ठोकता, तिच्या जन्माची गोष्ट या माणसानं रंगवली आहे. शिवाय समकालीन चित्रं मुंबईबाहेरच्या लोकांनी पाहावीत म्हणून २००८ च्या सुमारास त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहराशहरांतून फिरवलं. चित्रकार स्वतः चित्रं घेऊन लोकांच्या गावी गेला. तुम्ही लोकांच्या थेट दिवाणखान्यात जाता आणि बेज-गोल्ड थीम देता. पटवर्धनांची मूळ चित्रं सगळ्यांना घेता येणार नाहीत हे मी जाणते. पण आपल्या रस्त्याकडे, आपल्या पाण्याच्या टँकरकडे, आपल्या गच्चीकडे बघणारे चित्रकार आज तिशीत आहेत आणि त्यांची कामं घेता येतात. समकालीन चित्र घरी आणायचं ते यासाठी: आपण जगतो ते जगणं कोणीतरी आपल्यापेक्षा अधिक लक्ष देऊन पाहिलेलं असतं, आणि ते पाहणं आपल्या घरात राहायला येतं. पहिल्या दिवशी ते कदाचित आवडत नाही. काही चित्रं तीन महिन्यांनी बोलायला लागतात. प्रभाकर बरव्यांच्या चित्रांतलं पान, घड्याळ, पाकीट अशा एकेकट्या वस्तू पहिल्यांदा पाहिल्या की माणूस गोंधळतो. मग त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ वाचावं, मराठीतच आहे, आणि पुन्हा पाहावं. तुमच्या बेज कॅनव्हासला तीन महिन्यांनी काही सांगायचं नसतं. तिसऱ्या दिवशीच तो दिसेनासा होतो.

भाचीच्या पोराच्या खोलीत तुम्ही वारली वॉलपेपर लावलात, तोही माझ्या डोक्यात आहे. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला लग्नाच्या चौकातून कागदावर आणली. तोवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं गेरूच्या भिंतीवर पालघाट देवीचा चौक काढायच्या. म्हसे २०११ मध्ये पद्मश्री झाले, २०१८ मध्ये गेले. त्यांच्या एका मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रापुढे मी उभी राहिले आहे. हजारो बारीक रेषांनी सगळा कागद श्वास घेत असल्यासारखा वाटत होता. पालघर जिल्ह्यात त्यांच्यानंतरची पिढी आजही काढते आहे, विकते आहे. वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. ठाण्याहून डहाणू तीन तासांवर. तुमचा वॉलपेपर कुठल्या गोदामातून आला ते तुम्हालाच ठाऊक, पण त्यातली माणसं एकाच साच्याची होती, एकाच अंतरावर, दर दोन फुटांनी पुन्हा तीच. तारपा वाजवणाऱ्याच्या हातात तारपा नव्हता, नुसती काठी होती. ज्यांची कला तिथं छापली आहे, त्यांच्या घरात त्यातला एक रुपया गेला नाही.

सात धावत्या घोड्यांविषयी मी लिहिणार नाही. त्यांचं चित्र दक्षिणेच्या भिंतीवर लावलं की भरभराट होते हे तुम्ही वास्तूचे पैसे वेगळे लावून सांगितलंत. घोडे विकणाऱ्याची भरभराट झाली, एवढं मला दिसलं.

आता तुमचं शेवटचं अस्त्र. जरा पैसेवालं गिऱ्हाईक भेटलं की तुम्ही सूर बदलता आणि ‘इन्व्हेस्टमेंट पीस’ दाखवता. गायतोंड्यांचं चित्र २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेलं, हुसेनचं ‘ग्राम यात्रा’ २०२५ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे ११८ कोटींना गेलं, हे आकडे तुम्हाला तोंडपाठ आहेत. त्या आकड्यांमागची माणसं तुम्हाला ठाऊक नाहीत. वासुदेव गायतोंडे गिरगावच्या चाळीत वाढले, दिल्लीला निजामुद्दीनच्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहिले, वर्षाला मोजकीच चित्रं केली आणि २००१ मध्ये गेले. ते तेवीस कोटी त्यांनी पाहिले नाहीत. ‘ग्राम यात्रा’ १९५४ साली एका नॉर्वेजियन डॉक्टरनं घेतलं होतं. तो दिल्लीला शस्त्रक्रिया शिकवायला आला होता, त्याला ते चित्र आवडलं, तो ते घेऊन गेला आणि मरणोत्तर ऑस्लोच्या रुग्णालयाला देऊन गेला. कित्येक दशकं ते तिथंच लावलेलं होतं. पुढे किती होतील याचा हिशेब करून त्यानं ते घेतलं नव्हतं. आपल्या कायद्यात चित्र पुन्हा विकलं गेल्यावर मूळ चित्रकाराला वाटा मिळण्याची तरतूद आहे, ५३-अ कलम, दहा हजारांवरच्या पुनर्विक्रीला लागू. पण इन्व्हेस्टमेंटच्या गप्पा मारणाऱ्या कोणाच्या तोंडी मी ती कधी ऐकली नाही.

आणि मोठ्या नावांच्या मागे लागून बनावट माल गळ्यात पडतो, हे तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता का? २००९ मध्ये दिल्लीत सैयद हैदर रझा स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि भिंतींवरची बहुतेक चित्रं आपली नाहीत हे त्यांनी पाहिलं. चित्रकार जिवंत, समोर उभा, तरी हे घडलं. आज काम करत असलेल्या चित्रकाराकडून थेट घेतलं की ही भीती मुळातच नसते. तो पाठीमागे सही करतो, नाव, वर्ष, माध्यम, माप लिहितो, बिल देतो, चित्रासोबत त्याचा फोटो काढून देतो. तेवढं जपून ठेवलं की पुरे.

तुमच्या स्वतःच्या कामाचंही थोडं. जलरंगाचं चित्र तुम्ही बाल्कनीच्या समोर, थेट पश्चिमेच्या उन्हात लावता. दोन उन्हाळ्यांत त्याचा गुलाबी उडतो. बाथरूमच्या पाठच्या भिंतीवर कागदाचं काम टांगता. पहिल्या पावसाळ्यात त्यावर बुरशीचे ठिपके येतात. माउंटसाठी साधा पुठ्ठा वापरता, त्यातल्या आम्लानं कागदाच्या कडा पिवळ्या पडतात. आम्लमुक्त बोर्ड मिळतो, थोडा महाग असतो. काच चित्राला चिकटवून बसवता. चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत हवा, तुम्ही फॉल्स सीलिंगच्या कडेला लावता. हे तरी तुमचं क्षेत्र होतं. हेही शिकला नाहीत.

मला तुमच्याकडून काय हवंय ते लिहून हे पत्र संपवते.

तुमच्या कोटेशनमधून ‘वॉल आर्ट’ ही ओळ काढा. त्या जागी लिहा: ‘दिवाणखान्याची मोठी भिंत रिकामी सोडली आहे. रंग पांढरा. वर फिरवता येणारा एक दिवा. चित्र घरातल्यांनी स्वतः पाहून आणायचं आहे.’ पैसे वाचतात त्यातले थोडे त्यांना त्यासाठी बाजूला ठेवायला सांगा. कोणी विचारलंच, कुठं पाहायचं, तर जवळच्या कलादालनाचा आणि कला महाविद्यालयाचा पत्ता द्या. चित्र तुमच्यामार्फतच घ्यायचं असेल, तर तक्त्यात एक नवा रकाना घाला: चित्रकाराचं नाव. तो रिकामा राहिला तर ती वस्तू घरात येणार नाही.

भाचीनं बेज कॅनव्हास भिंतीवरून उतरवला आहे आणि तो तुमच्या ऑफिसात परत येतो आहे. त्याचे पैसे तुम्ही तिला परत देणार नाही आहात. ते कोल्हापूरच्या त्या मुलाला देणार आहात, त्याचं चित्र परवानगीवाचून छापल्याबद्दल आणि त्यातला निळा बदलल्याबद्दल, सोबत लेखी माफी. तुम्ही त्याचं काय केलंत हे मी त्याला कळवलं आहे, फोटोही पाठवले आहेत. त्याच्या बँक खात्याचा तपशील भाची तुम्हाला कळवेल. पंधरा दिवसांत रक्कम जमा झाली नाही, तर पुढचं पत्र वकिलाकडून येईल आणि त्यात तुमचं नाव असेल.

भाचीची मावशी